आपण कोणास हसतो? : काही गोष्टी व विनोदी लेख वाचून

लघुकथा आणि विनोदी लेख हे दोन वाङ्मयप्रकार विद्यार्थ्यांच्या हाती सर्वांत आधी पडतात आणि सर्वांत आधी हातावेगळेही होतात. कादंबरीस सवड लागते, काव्यास कान लागतो, निबंधास धीर लागतो; गोष्ट मात्र मधल्या सुट्टीत वाचून होते, आणि विनोदी लेख चार मित्रांच्या घोळक्यात मोठ्याने वाचता येतो. या सुलभपणामुळेच त्यांच्याविषयी एक गैरसमज रूढ झाला आहे. गोष्ट म्हणजे वेळ घालविण्याचे साधन व विनोद म्हणजे पोट धरून हसण्याचे निमित्त, यापलीकडे त्यांत शिकण्यासारखे काही नसते, असे पुष्कळ पालकांस वाटते. आणि विद्यार्थ्यांसही तसे वाटून घेणे सोयीचे असते. गेल्या काही महिन्यांत काही नामांकित गोष्टी व विनोदी लेख, कित्येक प्रथमच आणि कित्येक दुसऱ्यांदा, वाचण्याचा योग आला. वाचता वाचता एक प्रश्न मनात वारंवार उभा राहिला. तो विद्यार्थी मित्रांपुढे व त्यांच्या वडील मंडळींपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे. तो प्रश्न असा : आपण हसतो ते कोणास, आणि त्या हसण्याची किंमत कोण देतो?

हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. आपल्या मराठी भाषेने हसण्याला किती निरनिराळी नावे दिली आहेत पाहा. थट्टा, मस्करी, टिंगल, टवाळी, कुचेष्टा, उपहास, विडंबन, विनोद! ही सारी एकाच कुळातील असली, तरी त्यांचे स्वभाव एक नाहीत. थट्टा बरोबरीच्या माणसाची होते आणि ज्याची होते तोही तीत सामील असतो. टवाळीस आडोसा लागतो. ती पाठीमागे होते. कुचेष्टेस एक दुबळा माणूस लागतो, कारण बलवानाची कुचेष्टा करण्याचे धैर्य सहसा कोणी करीत नाही. विनोद मात्र या सर्वांहून निराळा. तो ज्याच्यावर केला जातो त्यालाही आपल्याजवळ बसवून घेतो. ज्या भाषेने हे भेद इतक्या बारकाईने केले, ती बोलणाऱ्यांनी वाचतानाही ते पाळावयास नकोत काय?

प्रथम गोष्टींकडे वळू. प्रेमचंद यांची 'ईदगाह' ही कथा १९३३ साली प्रसिद्ध झाली. ती अनेकांनी पाठ्यपुस्तकांत वाचली असेल. हमीद हा चार-पाच वर्षांचा पोरका मुलगा. म्हातारी आजी अमीना हीच काय ती त्याची माणसे. ईदच्या दिवशी गावातील मुलांबरोबर तो शहरातील ईदगाहला निघतो, तेव्हा त्याच्या खिशात अवघे ३ पैसे असतात. मेळ्यात महमूद शिपाई विकत घेतो, मोहसिन पखालवाला भिश्ती घेतो, नूरे वकील घेतो; मिठाई खाल्ली जाते आणि हमीद ते सारे पाहत राहतो. शेवटी लोखंडी सामानाच्या दुकानापुढे तो थबकतो आणि घासाघीस करून आपल्या ३ पैशांत एक चिमटा खरेदी करतो. कारण तव्यावरची भाकरी काढताना आजीची बोटे भाजतात, हे त्याने पाहिलेले असते.

ही गोष्ट वाचताना बहुतेकांचे लक्ष शेवटाकडे असते. आजी आधी रागावते, मग चिमटा कशासाठी आणला हे कळताच लहान मुलीसारखी रडू लागते. तेथे डोळे भरून येतात आणि पुस्तक मिटले जाते. पण मला या वेळी अधिक महत्त्वाचा वाटला तो मधला प्रसंग. चिमटा खांद्यावर टाकून हमीद मित्रांत येतो, तेव्हा सारे त्याला हसतात. हे हसणे कुचेष्टेचे आहे. तीन पैशांच्या गरिबीला ते हसतात. आणि हमीद काय करतो? तो रडत नाही, रागावत नाही, आजीची गोष्टही सांगत नाही. तो वाद घालतो. तुमची खेळणी जमिनीवर पडली की फुटतील, माझा चिमटा मात्र पहिलवान आहे, वाघाशीही झुंजेल, असे एकाहून एक चढते दाखले तो देतो. हळूहळू हसणारी मुले निरुत्तर होतात आणि अखेर आपली खेळणी देऊन थोडा वेळ चिमटा हाती घेण्यास मागतात. हसतील त्यांचे दात दिसतील, ही आपली म्हण या मुलाने कधी ऐकली नसेल, पण ती जगून दाखविली. दुबळ्यास हसणाऱ्यांपुढे विनोद हेच दुबळ्याचे शस्त्र होते, हे प्रेमचंदांनी उपदेशाचे एक अक्षरही न लिहिता सांगितले आहे.

रवींद्रनाथ ठाकूर यांची 'काबुलीवाला' ही कथा याहून जुनी, १८९२ सालची. कलकत्त्यातील एका लेखकाची पाच वर्षांची बडबडी मुलगी मिनी आणि सुकामेवा विकणारा धिप्पाड अफगाण रहमत यांची ही मैत्री. या मैत्रीचा सारा व्यवहार दोन-तीन ठरावीक विनोदांवर चालतो. झोळीत काय आहे, असे मिनी विचारते, हत्ती आहे, असे रहमत सांगतो, दोघेही हसतात. रहमत तिला विचारतो, तू सासरी कधी जाणार? त्या वयात तिला सासर म्हणजे काय हे ठाऊक नसते, म्हणून ती उलट त्यालाच विचारते, तू सासरी जाणार का? रहमतच्या बरोबरीच्या लोकांत सासुरवाडी म्हणजे तुरुंग. आपल्याकडे सरकारी पाहुणचार म्हणतात, तसाच हा शब्द. तो मूठ उगारून म्हणतो, मी सासऱ्यास बडवीन; आणि मिनी त्या अज्ञात सासऱ्याची फजिती कल्पून खदखदून हसते.

आता हाच विनोद पुढे कसा वळतो ते पाहावे. उधारीच्या भांडणात रहमतच्या हातून एका माणसावर सुरीचा वार होतो आणि शिपाई त्याला बांधून नेतात. मिनी धावत येते व नेहमीप्रमाणे विचारते, सासरी चाललास का? तो हसून होय म्हणतो, कारण या वेळी ते अक्षरशः खरे असते. विनोद तोच, शब्द तेच. पण वाचकाच्या ओठांवरचे हसू थिजते. कित्येक वर्षांनी शिक्षा भोगून तो परत येतो, तो नेमका मिनीच्या लग्नाच्या दिवशी. नववधूच्या वेषात ती समोर येते; रहमत पुन्हा तोच प्रश्न विचारतो, आणि आता सासर या शब्दाचा अर्थ कळलेली मिनी लाजून मान खाली घालते. एकच थट्टा तीन वेळा आली. पहिल्याने हसविले, दुसऱ्याने गप्प केले, तिसऱ्याने रडविले. मुलीचे लहानपण गेले, ही गोष्ट रहमतला त्या एका लाजण्याने कळते. आणि दूर डोंगरांत आपलीही मुलगी अशीच मोठी झाली असेल, आपल्याला ओळखणारही नाही, हेही कळते. त्या मुलीच्या इवल्या हाताचा काजळीचा ठसा एका मळक्या कागदावर त्याने छातीशी जपून ठेवलेला असतो. तो पाहताच मिनीच्या वडिलांस उमगते की, हा मेवा विकणारा परदेशी आणि आपण सुशिक्षित गृहस्थ, दोघेही प्रथम बाप आहोत. ते त्याला घरी परतण्यासाठी पैसे देतात, आणि त्यामुळे लग्नातील विजेची रोषणाई व बँड यांस काट मारावी लागते.

तिसरी कथा रशियन लेखक चेकॉव्ह याची, १८८६ सालची. वांका हा ९ वर्षांचा मुलगा मॉस्कोत एका चांभाराकडे उमेदवारीस ठेवलेला. नाताळच्या आदल्या रात्री मालक प्रार्थनेस गेल्याची संधी साधून तो आपल्या आजोबांस पत्र लिहितो : येथे मार बसतो, पोटभर खावयास मिळत नाही, मला घेऊन जा. पत्र पुरे होते, लिफाफ्यात जाते. आता पत्ता! वांका लिहितो, 'गावी, आजोबांस'. मग जरा डोके खाजवून विचार करतो आणि आजोबांचे नावही घालतो. त्याच्या मते पत्ता पूर्ण झाला. पत्र पेटीत टाकून तो आशेने झोपी जातो आणि आजोबा चुलीवरच्या उबेला बसून आपले पत्र वाचीत आहेत, असे स्वप्न पाहतो.

या पत्त्यास हसू येत नाही, असे कोण म्हणेल? मराठी वर्गात ही गोष्ट सांगितली की हशा हमखास पिकतो. पण क्षणभरानेच कोणीतरी विचारतो, मग ते पत्र पोहोचले नसेल? आणि वर्ग शांत होतो. चेकॉव्हने त्याचे उत्तर दिलेले नाही. देण्याची गरजही नाही. हसू आणि आसू यांच्यामध्ये किती पातळ पडदा असतो, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही. या तिन्ही गोष्टींत एक लहानशी वस्तू आहे : एक चिमटा, एक कागद, एक लिफाफा. बाजारात त्यांची किंमत काहीच नाही. लघुकथेची कला हीच की, ती अशी एखादी क्षुल्लक वस्तू उचलते आणि तिच्यात सबंध आयुष्य दाखविते. आणि या तिन्ही गोष्टींत प्रथम हसू आहे. ज्याने त्या जागी हसून घेतले नाही, त्याला पुढचे दुःखही पुरते भिडणार नाही.

आता आपल्या मराठी विनोदाकडे येऊ. कथेस आपल्याकडे एके काळी 'स्फुट गोष्ट' असे नाव होते. हरि नारायण आपटे यांनी १८९० साली सुरू केलेल्या 'करमणूक' पत्रातून अशा गोष्टी घरोघर पोहोचल्या. त्यानंतर थोड्याच वर्षांनी, १९०२ साली, श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांचा 'साक्षीदार' हा लेख प्रसिद्ध झाला, आणि मराठीत विनोदी लेखाने स्वतःचे घर बांधले. पुढे अशा लेखांचा संग्रह 'सुदाम्याचे पोहे' या नावाने प्रसिद्ध झाला. कोल्हटकर स्वतः वकील होते, आणि त्यांच्या या पहिल्याच विनोदी लेखाचा विषय कोर्टातील साक्षीदार हा होता, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. ज्या जगात आपण वावरतो त्याच जगाचे व्यंग त्यांनी आधी पाहिले. सुदामा, बंडूनाना व पांडूतात्या या त्रिकुटाच्या द्वारा त्यांनी अर्थशून्य रूढी, पोकळ सोहळे आणि सभा-संमेलनांचा थाट यांची हजेरी घेतली. 'चोरांचे संमेलन' हा लेख वाचावा, म्हणजे आपल्याकडील संमेलने किती जुन्या साच्यातून निघतात हे कळून येईल. विशेष हे की, सुदामा या खुळांपासून दूर उभा राहून इतरांस हसत नाही. तो स्वतः त्या खुळ्यांच्या पंगतीतच बसलेला असतो. कोल्हटकरांच्या कोट्या आजच्या विद्यार्थ्यास जरा जड वाटतील, वाक्ये लांब वाटतील. पण चणे फुटाणे चावण्याची सवय असलेल्या दातांस त्यांचे भय वाटू नये.

कोल्हटकरांस गुरू मानणारे राम गणेश गडकरी हे अवघे ३३ वर्षांचे आयुष्य लाभलेले लेखक. १८८५ साली जन्मलेले गडकरी १९१९ च्या जानेवारीत निवर्तले. कवितेत ते गोविंदाग्रज होते आणि विनोदात बाळकराम. त्यांचे विनोदी लेख 'संपूर्ण बाळकराम' या पुस्तकात एकत्र मिळतात. त्यांतील ठकीच्या लग्नाचे लेख सर्वांत गाजलेले. रूपाने सर्वस्वी उणी अशी एक उपवर मुलगी आणि तिच्यासाठी वर शोधण्याची मोहीम, एवढाच विषय. पण गडकऱ्यांची अतिशयोक्ती पाहता पाहता आकाशास जाऊन भिडते. मोठ्याने वाचताना वाक्य पुरे करणे अशक्य होते, इतके हसू येते.

आणि नेमक्या याच ठिकाणी मला आपला प्रश्न पुन्हा विचारावासा वाटतो. आपण येथे कोणास हसतो? जर कोणी म्हणेल की आपण ठकीच्या रूपास हसतो, तर माझ्या मते त्याने हे लेख अर्धेच वाचले. ठकीने काही केलेले नाही. किंबहुना त्या सर्व धामधुमीत तिला कोणी काही विचारीतही नाही. हसण्याजोगी आहे ती आजूबाजूची मंडळी. मुलगी पाहणे म्हणजे बाजारातील जिन्नस पारखणे, असे समजणारे पाहुणे. नकार देण्यासाठी शोधून काढलेली कारणे. आणि लग्न म्हणजे लढाई समजून तिची तयारी करणारे मध्यस्थ! अतिशयोक्तीचा मोठा आरसा गडकऱ्यांनी धरला आहे तो या मंडळींपुढे. परंतु हेही कबूल केले पाहिजे की, आरसा कोणाकडे वळला आहे हे न पाहता हसणारा वाचक पुष्कळ असतो. असा वाचक पुस्तक मिटतो आणि दुसऱ्या दिवशी वर्गातील एखाद्या मुलीस 'ठकी' म्हणून हाक मारतो. लेखकाने समाजावर सोडलेला बाण तो उचलून एका मुलीवर टाकतो. मग जो विनोद होता त्याची कुचेष्टा होते, आणि तिची किंमत ती मुलगी देते. मोठ्या लेखकाच्या विनोदाचा असा दुरुपयोग होऊ नये, म्हणून तरी विनोद लक्षपूर्वक वाचावयास शिकले पाहिजे.

या बाबतीत सर्वांत सुरक्षित मार्ग काढला तो चिंतामण विनायक जोशी यांनी. बडोद्यास पाली भाषेचे अध्यापन करणाऱ्या या विद्वानाने चिमणराव नावाचा एक भित्रा, सडपातळ कारकून निर्माण केला आणि त्याच्या जोडीस गुंड्याभाऊ हा त्याचा आडदांड भाऊ दिला. 'एरंडाचे गुऱ्हाळ' व 'चिमणरावांचे चऱ्हाट' ही पुस्तके १९३० नंतरच्या दोन-चार वर्षांतली. पालकांपैकी काहींना १९७० च्या दशकाच्या अखेरीस मुंबई दूरदर्शनवर आलेली चिमणराव-गुंड्याभाऊंची मालिका आठवत असेल, किंवा तिच्याविषयी घरातील वडील मंडळींकडून त्यांनी ऐकले असेल. या लेखांचे रहस्य एवढेच की, सांगणारा स्वतः चिमणराव आहे. प्रत्येक फजिती त्याची स्वतःची. तो आपली बाजू मोठ्या गंभीरपणे मांडतो, आणि जितक्या गंभीरपणे मांडतो तितके आपण हसतो. येथे कोणी दुखावत नाही. कारण जो हास्याचा विषय, तोच हास्याचा यजमान आहे.

हाच गुण मला स्टीफन लीकॉक या कॅनडातील लेखकाच्या बँकेवरील लेखात आढळला. १९१० साली निघालेल्या त्याच्या पहिल्या विनोदी संग्रहात तो आहे. पगारवाढ मिळालेला एक भिडस्त तरुण ५६ डॉलर घेऊन बँकेत खाते उघडावयास जातो. आत शिरताच त्याची गाळण उडते. मॅनेजरास एकान्तात भेटावयाचे आहे, असे तो इतक्या गूढपणे म्हणतो की, मॅनेजर त्याला गुप्त पोलीस समजतो. पैसे भरून झाल्यावर वरखर्चासाठी ६ डॉलर काढावयाचे ठरवून तो घाबरेपणाने चेक लिहितो तो ५६ चा! चूक कबूल करण्याची लाज वाटून तो सर्वच रक्कम परत घेतो, आणि दार बंद होताच आतून हास्याचा मोठा लोट त्याच्या कानी येतो. गंमत अशी की, हा लेखक माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात अर्थशास्त्राचा प्राध्यापक होता. ज्याने पैशाचे शास्त्र शिकविले, त्यानेच बँकेच्या खिडकीपुढे थरथरणाऱ्या माणसाची बाजू घेतली. बँकेतील फॉर्म हाती धरून, कोठे सही करावयाची हे विचारण्यास संकोचणारे गृहस्थ आजही आपण पाहतो. हा लेख वाचल्यावर त्यांस हसण्यापेक्षा त्यांच्याजवळ जाऊन बोट ठेवून जागा दाखवावी, असे वाटते. चांगल्या विनोदाचे हेच फळ.

विनोदी लेख नव्हे, पण त्याच्या अगदी जवळच्या नात्यातले असे एक पुस्तक येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. ते म्हणजे लक्ष्मीबाई टिळक यांची 'स्मृतिचित्रे'. १९३४ ते १९३६ या काळात ती भागाभागांनी प्रसिद्ध झाली. लक्ष्मीबाईंचे बालपण वडिलांच्या सोवळ्याच्या अतिरेकात गेले, लहानपणीच लग्न झाले, पती नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतल्यावर त्यांच्यावर ताटातुटीचे दुःख कोसळले. एवढ्या दुःखाची कहाणी दुसऱ्या कोणी लिहिली असती तर ती अश्रूंनी भिजून गेली असती. लक्ष्मीबाईंनी ती हसत हसत सांगितली. वडिलांस त्या हसतात, पतीच्या विसराळू व उधळ्या स्वभावास हसतात, आणि सर्वांहून अधिक स्वतःच्या भाबडेपणास हसतात. परंतु कोणाविषयीही त्यांच्या मनात कडवटपणा नाही. ज्याने सोसले आहे त्यालाच असे हसण्याचा अधिकार पोहोचतो. शुभवर्तमानातील कुसळ आणि मुसळ यांचा दाखला आपल्या शाळेत सर्वांच्या परिचयाचा आहे. स्वतःच्या डोळ्यातील मुसळ आधी पाहणारी विनोदबुद्धी कशी असते, हे ज्यास पाहावयाचे असेल त्याने हे पुस्तक अवश्य वाचावे.

शेवटी पु. ल. देशपांडे. त्यांचे 'व्यक्ती आणि वल्ली' हे पुस्तक १९६२ साली प्रसिद्ध झाले व १९६५ साली त्यास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. कथा आणि विनोदी लेख यांच्यामधील भिंत या पुस्तकात जवळजवळ नाहीशी झाली आहे. रत्नागिरीचे अंतू बर्वा बोलू लागले की प्रत्येक वाक्यास हसू येते. घरात वीज कशाला घ्यावयाची, तर गळकी कौले आणि आपले दारिद्र्यच उजेडात पाहावयाचे ना, असा त्यांचा सवाल. आपण हसतो, आणि मग ध्यानात येते की, ते दारिद्र्य खरे आहे, केवळ विनोदापुरते नाही. बायको वारल्यापासून दारचा हापूस मोहरला नाही, असे ते सहज बोलल्यासारखे सांगतात, तेव्हा त्या कोरड्या म्हाताऱ्याने आपले दुःख आंब्याच्या झाडाआड लपविले आहे, हे ओळखू येते. आणि चितळे मास्तर! सायंकाळी, रात्री, सुट्टीत, जेव्हा पाहावे तेव्हा मुलांस शिकविणारे हे मास्तर साऱ्या गावाच्या थट्टेचा व प्रेमाचा विषय. त्यांच्या लकबींवर आपण मनसोक्त हसतो आणि शेवटी लेखक आपले लक्ष त्यांच्या वहाणांकडे वेधतो. त्या वहाणांच्या टाचा झिजलेल्या असतात. पिढ्यान् पिढ्या दुसऱ्यांच्या मुलांसाठी चालून झिजलेल्या त्या टाचा! हमीदचा चिमटा, रहमतचा कागद आणि वांकाचा लिफाफा यांच्या पंगतीत या वहाणा मला शोभून दिसतात. त्या पाहिल्यावर आपले आधीचे सारे हसणे मायेचे होते, असे आपोआप ठरते.

या वाचनातून विद्यार्थ्यांनी काय घ्यावे? चार लहानशा सूचना कराव्याशा वाटतात.

पहिली : कोणताही विनोदी लेख वाचून झाला की, पुस्तक मिटण्यापूर्वी आपण कोणास हसलो ते एका ओळीत लिहून ठेवावे. रूढीस हसलो, ढोंगास हसलो, लेखकास हसलो, की एखाद्याच्या रंगास, बोलण्यास, गरिबीस हसलो? उत्तर शेवटचे आले तर तो लेख पुन्हा एकदा वाचावा. एक तर आपण तो चुकीचा वाचला असेल, नाही तर तो लेखच हलका असेल. दोन्ही गोष्टी कळणे हिताचे आहे.

दुसरी : गोष्ट वाचताना तिच्यातील लहान वस्तू शोधावी. ती सापडली की गोष्टीची किल्ली सापडली. मग आपल्याच घरात दृष्टी टाकावी. आजीचा चष्मा, वडिलांचा जेवणाचा डबा, आईची देवघरातील किंवा प्रार्थनेच्या पुस्तकातील एखादी खूण. यांपैकी कशात कोणती गोष्ट दडली आहे?

तिसरी : विनोदी लेख लिहावयाचा झाल्यास आरंभ स्वतःपासून करावा. आपल्या वर्गबंधूंवर, शिक्षकांवर किंवा गावच्या एखाद्या भोळ्या माणसावर लिहिणे सोपे असते. चिमणरावाप्रमाणे स्वतःस पुढे करणे अवघड. पण लिहिण्याचे खरे शिक्षण त्यातच आहे.

चौथी सूचना पालकांसाठी आहे. आठवड्यातून एखाद्या रात्री, जेवणे आटोपल्यावर, घरातील मंडळींनी एखादी गोष्ट किंवा विनोदी लेख मोठ्याने वाचावा. 'काबुलीवाला' असो, 'चिमणराव' असो, वाचावयास अर्धा तास पुरे होतो. हल्ली प्रत्येकाच्या हाती स्वतंत्र पडदा असतो आणि प्रत्येकजण एकटाच हसतो. दुसरा कशास हसला हे कोणास कळत नाही. एकत्र वाचताना मुलगा कोठे हसला हे आईस दिसते, आणि आजोबांचा आवाज कोठे दाटून आला हे मुलास ऐकू येते. मूल कोणास हसते यावरून त्याच्या मनाची वाढ जितकी कळते, तितकी गुणपत्रिकेवरून कळत नाही.

हसणे ही परमेश्वराने मनुष्यास दिलेली मोठी देणगी होय, असे आपण नेहमी म्हणतो. देणगी आली म्हणजे तिच्या विनियोगाची जबाबदारीही आली. ज्यांच्या लेखांचा व गोष्टींचा येथे उल्लेख केला, त्या सर्वांनी भरपूर हसविले. पण हसता हसता एखाद्या दुबळ्या माणसाच्या शेजारी आपणांस नेऊन बसविले. मुलांनो, हे लेखक वाचा, खूप हसा, मोठ्याने हसा. मात्र हसून झाल्यावर एकदा मागे वळून पाहा : ज्यास आपण हसलो, तोही आपल्याबरोबर हसत आहे ना? तो हसत असेल, तर तुमचे वाचन सफळ झाले.